कोणत्या बॅन्डपाशी

पारोळ्याकडच्या जत्रेत त्या वर्षी दोन बॅन्ड आले होते. मैदानाच्या एका टोकाला पाचोऱ्याचा, दुसऱ्या टोकाला दोंडाईच्याचा, आणि दुपारी दोन्ही एकदमच वाजायला लागले. सासूचं माहेर पाचोऱ्याचं, म्हणून आम्ही तिकडे उभ्या. सासू लगेच माहेरच्या बायांत बोलायला बसली. माझी पोर चार वर्षांची. गर्दी बघून, हरवलीच तर म्हणून मी तिला सांगितलं, "हरवनी ते बॅन्डपाशी उभी राय, हालू नको."

तेवढ्यात तिकडून दोंडाईच्याचं क्लारनेट आलं, इतकं गोड की माझे पाय तिकडेच वळले. पोर पदर धरून मागे येतेय असंच मला वाटलं. पोचल्यावर मागे पाह्यलं तर पदर मोकळा.

बॅन्डपाशी म्हटलं खरं, पण कोणत्या? क्लारनेटवाल्याच्या पुढेमागे शोधलं, नाही. मग मी परत पळत सुटली, बायांना ढकलत, हाका मारत, वाटेतल्या विहिरीकडे बघायची हिंमत होईना, आणि दोन्हीकडच्या ढोलांत माझा आवाज मलाच येईना.

पोर पाचोऱ्याच्या मोठ्या ढोलापुढे उभी होती. त्याच ढोलाला ती भ्यायची. कान दाबून, डोळे मिटून रडत होती, पण जागची हलली नव्हती.

"तूच सांगं व्हतं ना, माय."

रडणं ऐकून सासू आली. "तुनाघाई एक पोर संभाळाई नही का व?"

"तीच पळाली व्हती," मी म्हणाली.

पोर माझ्याकडे बघत राहिली.