जागेवर खात्री

सात वर्षांत ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, कंपनीतल्या कुणाला नाही. आज तुम्हाला सांगतोय. मन हलकं व्हावं म्हणून नाही — हलकं व्हायचा मला अधिकारच काय? स्वतःचा इतका संताप आलाय की आता गप्प बसलो तर तोही खोटेपणाच होईल, एवढंच.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. वाचून झाल्यावर ‘माणूस आहे, चुकतो’ असं मनात आलं, तर ते तिथंच ठेवा. मला नको आहे ते.

माझी बायको मोजणी खात्यात ट्रेसर होती. जुने, घडीवर फाटलेले गावनकाशे पारदर्शक कागदावर शाईने हुबेहूब उतरवायचे, हे तिचं काम. बांध, नाला, विहीर, पाऊलवाट — केसाइतकी रेघ, पण हलायची नाही. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि तिला आवक-जावकला बसवलं. पण हात तोच राहिला. घरात कुणी नुसता पत्ता सांगायला लागलं तरी म्हणायची, “आधी उत्तर कुठे ते सांगा.”

मुलीचं लग्न झालं आणि घर एकदम रिकामं झालं. नाशिकच्या आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीतून तेव्हा माणसं घाऊक युरोपला जात होती. नऊ दिवसांत सात देश, बसमध्ये ठेपले, रात्री खिचडी-कढी. ही हसायची. “बसच्या काचेतूनच बघायचं तर त्र्यंबकचा रस्ता काय वाईट आहे?” तिला एकच शहर बघायचं होतं. आठ दिवस. पायी. आणि ते शहर ठरलेलं होतं — रोम.

रोमच का? माझ्यामुळे.

मी रोम बघून आलेला माणूस होतो ना. वीस-बावीस वर्षांपूर्वी अंबडच्या आमच्या कंपनीने इटलीहून ग्राइंडिंगचं मशीन घेतलं, तेव्हा मला आणि जाधवला तीन आठवडे तूरिनला शिकायला पाठवलं होतं. मधल्या शनिवार-रविवारी रोम. तेव्हापासून आमच्या घरी पाहुणा आला आणि चहा झाला की हिचं ठरलेलं — “अहो, ते छपराला भोक असलेल्या देवळाचं सांगा ना.” मग मी सांगायचो. दोन हजार वर्षांचं गोल देऊळ, माथ्यावर उघडं भोक, त्यातून पाऊस थेट आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. रस्त्यावरचे लोखंडी नळ, चोवीस तास वाहणारे, गार पाणी, बोट लावलं की वरून कारंज्यासारखं उडतं. सांगायचो मी छान. लोक ऐकायचे. आणि सगळ्यात जास्त ऐकायची ती, जिला सगळं पाठ होतं.

तिने वही केली. दोनशे पानी, लांब. पहिल्या पानावर लिहिलं — ‘यांनी सांगितलेलं’. पुढे सगळं शहर. कुठलं चर्च दुपारी बंद असतं, कुठे खांदे झाकून जावं लागतं, कुठल्या टेकडीवरच्या दाराच्या किल्लीच्या भोकातून पोपच्या चर्चचा तो मोठा घुमट दिसतो. आणि वहीत घडी घालून ठेवलेला तिने स्वतः उतरवलेला नकाशा. काळ्या शाईत शहर, निळ्यात नदी. आणि लाल टिंबं — मी जिथे जिथे गेलो होतो ती.

ती लाल टिंबं. काय सांगू तुम्हाला.

रोज संध्याकाळी ती नकाशा उघडायची आणि मला बसवायची. नळ कुठल्या चौकात? पायरीवर बसलात ती कुठल्या बाजूची? मी ठोकून द्यायचो. एकदा म्हणालो, गोल देवळाकडून पूल ओलांडून पलीकडच्या नदीकाठाने मोठ्या घुमटाकडे निघालो, नदी उजव्या हाताला. ती थांबली. नकाशा फिरवला, उत्तर वर घेतली, पुन्हा बघितलं.

“नदी डावीकडे येते हो.”

“मी चाललोय की तू?” मी म्हणालो. चिडून म्हणालो. खोटं बोलणाऱ्याला राग लवकर येतो — तुम्हाला आहे का अनुभव?

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, विसरला असाल. पण ही पडली मोजणी खात्यातली. तिथली रीत अशी, की नकाशा एक सांगतो आणि जागेवरचा माणूस दुसरं, तर नकाशा छातीवर घेऊन भांडायचं नाही. शेरा मारायचा आणि जागेवर जायचं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि नकाशावर संशय घेतला. नदीपाशी पेन्सिलने छोटं प्रश्नचिन्ह काढलं आणि तिच्या त्या शिस्तीच्या अक्षरात लिहिलं — ‘जागेवर खात्री करणे’.

जागेवर गेलो, की मी उघडा पडणार होतो.

कारण मी रोमला गेलोच नव्हतो.

झालं, अर्धं बाहेर पडलं. तूरिनमध्ये पहिल्याच रविवारी मी एकटा फिरायला निघालो आणि हरवलो. सगळे रस्ते सारखे, सगळ्या इमारती सारख्या. एकाला पत्ता विचारायला गेलो तर तो हातवारे करून ओरडल्यासारखं बोलला — ओरडला नसेलही, त्यांचं बोलणंच तसं असतं. मी एका चर्चच्या पायरीवर दोन तास बसून राहिलो. बत्तीस वर्षांचा घोडा, रडलो. शेवटी एका पोलिसाने हॉटेलवर आणून सोडलं. पुढच्या शनिवारी जाधव रोमला निघाला तेव्हा मी पोट दुखतंय म्हणालो आणि दोन दिवस खोलीत पडदे लावून घरचा चिवडा खात पडलो. देऊळ जाधवचं, नळ जाधवचा, पाऊस जाधवचा. माझा फक्त चिवडा. जाधव पुढे कंपनी सोडून बडोद्याला गेला, आणि त्याचं रोम माझ्याकडे राहिलं.

इथवर असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. फुशारक्या कोण मारत नाही? पण हे इथवर नाही.

तिचं लग्नाआधीचं नाव मंगल. सटाण्याची. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात ना, तसं मी लिहिलं — सुरेखा. का? तेव्हा सगळेच बदलायचे. मला आवडलं होतं ते नाव, बस. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. नोकरी लग्नाआधीची, त्यामुळे खात्यात ती मंगल, आधार कार्डावर सुरेखा. व्हिसासाठी खात्याचं पत्र लागणार होतं, म्हणून तिने विवाहाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातल्या जाहिरातीची प्रत असं सगळं जमवलं. सहा महिने खेटे घातले. मी एकदाही तिच्याबरोबर गेलो नाही. खरं सांगायचं तर मनातून वाट बघत होतो, कुठेतरी कागद अडावा.

मुंबईला आम्ही दोघं बोटांचे ठसे द्यायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी दोन नावांबद्दल विचारलं. हिने फाइल उघडली आणि एकेक कागद असा पुढे केला, की त्या बाई शेवटी हसल्या. परतताना कसारा घाटात ती म्हणाली, “झालं हो आपलं.” मी खिडकीबाहेर बघत होतो.

पासपोर्ट कुरिअरने येणार होते. पत्ता मी कंपनीचा दिला होता. पाकीट आलं, मी स्टोअरच्या मागे जाऊन फोडलं. दोन्ही पासपोर्टांत व्हिसा चिकटवलेला. तिचा फोटो, तिचं नाव, सगळं नीट. बारा मिनिटं तिथे उभा होतो म्हणालो तर ते खोटं होईल. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी पाकीट माझ्या लॉकरमध्ये हत्यारांच्या पेटीखाली ठेवलं आणि घरी गेलो.

दार तिनेच उघडलं. हाताला कणीक होती.

“आलं?”

“नाकारला,” मी म्हणालो. “तुझ्या दोन नावांमुळे.”

वाचलंत? व्हिसा मिळाला होता. मी नाकारला असं सांगितलं. आणि नुसतं नाकारला म्हणून भागलं असतं, ती तेवढ्यावरही गप्प बसली असती. ते पुढचे तीन शब्द मी का जोडले? तिने दुसऱ्यांदा अर्ज करू नये म्हणून. हिशेबाने बोललो मी. घाबरून तोंडातून निसटलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. कंपनीतून घरी येईपर्यंत स्कूटरवर ते वाक्य मी जुळवत आलो होतो.

ती रडली नाही. कणकेचा हात तसाच धरून म्हणाली, “तुमचंही जाणं राहिलं माझ्यामुळे.” आणि थोड्या वेळाने, आतून — “तो पासपोर्ट माझ्यासमोर आणू नका.” माझं काम तिनेच सोपं केलं.

मग वर्षानुवर्षं ऐकलं मी ते. पाहुणा आला, रोमचा विषय निघाला, की ती स्वतःच सांगायची — माझ्या नावाचा घोळ झाला, यांना दुसऱ्यांदा बघायचं होतं, राहिलं. माफी मागितल्यासारखं. माझी! एकदा तिचा थोरला भाऊ सटाण्याहून आला होता. तो तिला अजून मंगलच म्हणतो. त्याने ऐकलं आणि सरळ म्हणाला, “तुनी काहीच चूक नही शे, माय.” साऱ्या जगात एकटा तोच खरं बोलला, आणि त्याला माहीतही नव्हतं. त्यावर मी काय केलं? “पुरे झालं आता ते पुराण,” म्हणून सगळ्यांदेखत ओरडलो तिच्यावर. तिला वाटलं, माझं दुःख अजून ताजं आहे. त्यानंतर तिने पाहुण्यांपुढे तो विषय काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी तिला झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं परत आलं, उजवा हात चांगला आहे, डावा पाय ओढत चालते. कॉलनीच्या फाटकापर्यंत जाऊन येते, मधे एकदा बसून. रोम पायी बघायचं शहर आहे, हे तिचंच वाक्य. आता ती ते म्हणत नाही.

गेल्या महिन्यात त्याच भावाची नात, पूर्वा, कामासाठी रोमला निघाली. आठवडाभर. निरोप घ्यायला आली तेव्हा हिने तिला वही देऊन टाकली. मी दारात उभा होतो. किती सहज दिली! नकाशा मात्र ठेवून घेतला. म्हणाली, “एक काम कर माझं. गोल देवळाकडून पूल ओलांडून पलीकडच्या नदीकाठाने घुमटाकडे जा, आणि नदी कुठल्या हाताला येते ते बघून मला सांग.”

“आजी, मॅपवर आत्ताच बघून सांगते की,” पूर्वा म्हणाली.

“नको. जागेवरून.”

पूर्वाचा फोन मागच्या रविवारी आला. दुपारची वेळ, आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो. पडद्यावर उंच झाडं, दगडी कठडा, खाली हिरवट पाणी. पूर्वा चालत होती, चित्र हलत होतं. “ही बघा आजी, डाव्या हाताला. आणि समोर तो घुमट.” हिने तिला थोडं मागे जायला सांगितलं, पुन्हा पुढे यायला सांगितलं. नीट खात्री केली. मग फोन ठेवला आणि मला म्हणाली, “तो नकाशा देता?”

मी दिला. तिने घडी उघडली, पेन्सिल घेतली आणि प्रश्नचिन्ह खोडून तिथे बरोबरची खूण केली. मग ती लाल टिंबांकडे बघत राहिली. एकेकावर बोट ठेवत गेली — नळ, पायरी, देऊळ. सगळ्यांवर.

“नकाशा बरोबर होता,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी पाणी आणायला आत गेलो. पाणी कुणी मागितलं नव्हतं. ओट्याशी उभा राहिलो आणि स्वतःला आईवरून शिव्या घातल्या, मनातल्या मनात — कारण मोठ्याने घालायचीही छाती नाही. तिने अजून काही विचारलेलं नाही. विचारायला जागा ठेवून बसली आहे, असं मला रोज वाटतं. आणि मी रोज तिच्या पायाला तेल चोळतो, गोळ्या देतो, आणि शेजारीपाजारी म्हणतात, किती करतात हो बायकोचं.

रोमला मी गेलो नव्हतो हे आता तिला कळलं असेल. व्हिसाचं कळलेलं नाही. दोष अजून ती स्वतःच्याच नावाचा मानते.

तिचा पासपोर्ट अजून त्याच लॉकरमध्ये, त्याच पेटीखाली आहे. आतल्या व्हिसाची मुदत केव्हाच संपली. तो तिच्या हातात द्यायचा आहे, ते पान उघडून. आणि तिला सांगायचं आहे, की तुझ्या दोन्ही नावांत काही खोट नव्हती. हे मी तिचं देणं लागतो. आज सकाळपर्यंत दिलेलं नाही.