फी वसूल झाली का हो?

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. एक जण काहीतरी सांगतो, दुसरा म्हणतो, "हे तर काहीच न्हाई, माझं ऐक," आणि तिसऱ्याचा चहा थंड होतो. आमच्या नांदेडच्या चहाच्या टेबलावर हे गेली कित्येक वर्षं चालू आहे. पण मागच्या एका वर्षात जेवढे किस्से जमले, ते सगळे एकाच वस्तूनं दिले. क्रेडिट कार्डानं! तेही साधं नाही, प्रीमियम!

आधी माणसं सांगतो. मी सुरेश, माझं चष्म्याचं दुकान. दत्ता पाटील, मोंढ्यात खत-बियाण्याचा व्यापारी, गाव कंधारकडं. रफीकभाई, ज्यांच्या हातची शेरवानी घातल्याशिवाय शहरातले अर्धे नवरदेव घोड्यावर बसत नाहीत. आणि डॉक्टर बिरादार, दातांचे. मूळचे लातूरचे, त्यामुळं हुशार. हे आम्ही म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात.

*

कार्ड आणलं डॉक्टरांनीच. म्हणजे कार्ड देणारा बँकेचा साहेब आणला. टाय लावून आला, उन्हाळ्यात. आमच्यासमोर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, हे कार्ड सगळ्यांना मिळत नाही."

रफीकभाईंनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "मियाँ, सबको नहीं मिलता, तो हम चारों को एकीच टेबल पर कैसे मिल रहा?"

साहेब हसला. म्हणाला, "तुम्ही सिलेक्टेड आहात." पहिलं वर्ष फुकट. दुसऱ्या वर्षापासून वार्षिक फी, वर जीएसटी. फी एवढी, की तेवढ्यात पोराला बरी सायकल येईल. "वर्षभर वापरा, फायदे बघा, मग ठरवा."

दत्ता म्हणाला, "म्हणजे वर्षभर फुकट चारायचं आणि मंग दावं बांधायचं!"

पण सही सगळ्यात आधी त्यानंच केली.

*

कार्ड आलं ते मखमली पेटीतून. काळी पेटी, आत मऊ गादी, गादीवर कार्ड. धातूचं, चांगलं वजनदार. मी घरी नेऊन आमच्या मंगलच्या हातात पेटी ठेवली. तिनं उघडून बघितली, वरून हात फिरवला, खूश झाली. मलाही बरं वाटलं, म्हटलं नवऱ्याची काहीतरी किंमत झाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात निघताना कार्ड शोधतोय तर पेटीत तिच्या पाटल्या!

"अगं, कार्ड कुठंय?"

"ते पत्र्याचं होय? पिठाच्या डब्यावर ठेवलंय बघा. डबी चांगली होती म्हणून ठेवून घेतली."

रफीकभाईंनी मात्र कार्डाचा पहिल्याच दिवशी उपयोग काढला. शेरवानीच्या कॉलरची घडी दाबायला! म्हणायचे, "इस्त्री के बाप जैसा काम करता है."

*

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे विमानतळावरचं लाउंज. आत बसा, हवं ते खा, बिल नाही. रफीकभाई कापड घ्यायला हैदराबादला जातात. रेल्वेनं. या वेळी खरेदी झाल्यावर त्यांनी टॅक्सी केली आणि थेट विमानतळ गाठलं. दारात बंदूकवाला जवान.

"टिकट?"

"टिकट नहीं, कार्ड है."

"जाना कहाँ है?"

"नाश्ते को!"

जवानानं त्यांना नीट वरून खाली बघितलं. रफीकभाई सांगतात, त्यानं हाकललं नाही. उलट बाजूला घेऊन कानात म्हणाला, "चाचा, बाहर ठेले पे इडली अच्छी मिलती है."

आम्ही हसलो तर डॉक्टर म्हणाले, "अहो, विमानाचं तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत. अभ्यास करून जायचं असतं." डॉक्टर अभ्यास करून गेले. गोव्याची ट्रिप, बायको, दोन लेकरं, विमान हैदराबादहून. लाउंजमध्ये शिरले ते तीन तास आधी. एकेक पदार्थ चाखला. लेकरांनी आइस्क्रीम खाल्लं, वहिनींनी कॉफी घेतली, डॉक्टरांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. तिथं म्हणे विमानाची घोषणा होत नाही, पडद्यावर बघावं लागतं. डॉक्टरांचं तोंड पनीरकडं आणि पाठ पडद्याकडं.

विमान गोव्याला गेलं. डॉक्टर नवीन तिकिटं काढायच्या लाइनीत गेले.

आम्ही विचारलं, "मग डॉक्टर, लाउंज वसूल झालं का?"

डॉक्टरांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "पनीर मात्र चांगलं होतं."

*

कार्डावर गोल्फपण होतं. वर्षातून काही धडे मोफत. दत्तानं आयुष्यात गोल्फची काठी बघितलेली नाही, पण मोफत म्हटल्यावर सोडायचं कसं? त्यानं आमच्यासमोरच कार्डाच्या मदतीच्या लाइनला फोन लावला, स्पीकरवर.

तिकडचा माणूस अदबीनं म्हणाला, "सर, आपल्याला हैदराबाद किंवा पुण्याला यावं लागेल."

"नांदेडात न्हाई का?"

"सॉरी सर, तिथं आपलं मैदान नाही."

दत्ता म्हणाला, "मैदानाचं तुम्ही टेन्शन घेऊ नका. हरभरा निघालाय, आमचं रान सगळं रिकामं पडून हाय. तुम्ही फक्त मास्तर पाठवा. जेवणाचं आम्ही बघतो!"

मग तो माणूस म्हणाला, "सर, मी वर विचारून सांगतो."

दत्ता अजून वाट बघून राहिलाय.

*

आता ढाब्याचा. डॉक्टरांच्या पुतण्याचा लातूरला साखरपुडा होता. आम्ही चौघं डॉक्टरांच्या गाडीतून सकाळीच निघालो. जेवण रस्त्यात बळीच्या ढाब्यावर, हे ठरलेलं. बळीचा ढाबा म्हणजे चार बाजा, दोन टेबलं आणि लई झकास शेवभाजी. डॉक्टर म्हणाले, "कार्डावर कुठल्याही हॉटेलात टेबल बुक करून देतात." आणि गाडीतूनच त्यांनी बळीचा नंबर मदतीच्या लाइनला देऊन टाकला.

आम्ही पोचलो तर ढाबा बंद! म्हणजे उघडा, पण बंद. बाजा उचलून मागं टाकलेल्या. अंगणात सडा. दोन्ही टेबलं जोडून वर पांढरी चादर, चादरीवर प्लास्टिकची फुलं. बळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, शर्ट इन करून उभा. आम्ही त्याला आजवर बनियनशिवाय दुसऱ्या कशात बघितलेलं नव्हतं.

दत्ता म्हणाला, "बळी, चार शेवभाजी टाक."

बळी हात जोडून म्हणाला, "पाटील, आज माफी करा. आज न्हाई जमणार. मुंबईहून मॅडमचा फोन आलता. इंग्लिशमधून! साहेब लोक येऊन राहिलेत, चार जण. बहुतेक तपासणी हाय."

डॉक्टर पुढं झाले. "अरे, ते आम्हीच आहोत."

बळीनं आमच्याकडं बघितलं. दत्ताचा रुमाल, रफीकभाईंच्या गळ्यातला टेप, जो ते कुठंही जाताना काढायला विसरतात. मग जरा रागानंच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गरिबाची चेष्टा करू नका. ते मोठे लोक हायेत, टायमाला येतील. तुम्ही गाडी जरा पुढं घ्या, पार्किंगला जागा लागंल."

आम्ही पुढच्या गावात वडापाव खाल्ला. परत येताना बघितलं, बळी तसाच उभा होता.

*

वर्ष संपत आलं तसं साहेबाचा फोन. "सर, वर्षभरात ठरलेला खर्च कार्डावर केला तर फी पूर्ण माफ!"

झालं! आमच्या टेबलावरचं वातावरणच बदललं. एरवी बिल आलं की रफीकभाईंना नमाजची आठवण व्हायची, डॉक्टरांना पेशंटची, आणि दत्ताचा फोन वाजायचा. आता बिल आलं की चौघांचे हात एकदम वर. "मी देतो!" "न्हाई, मी!" "तुम्ही मला रोख द्या, कार्ड मी मारतो!"

एकदा तर झटापटीत कप फुटला. चहावाला लांबूनच ओरडला, "भांडू नका! कार्डाची मशीन न्हाई माझ्याकडं!"

माझा खर्च थोडा कमी पडत होता. मी लई विचार केला आणि फ्रिज घेतला. टेम्पो दारात आला तेव्हा मंगल बाहेर आली.

"आपल्या घरात फ्रिज आहे, माहितीये ना तुम्हाला?"

"अगं, फी माफ होतीय."

"फी केवढी?"

मी सांगितली.

"आणि फ्रिज?"

मी तेही सांगितलं. ती टेम्पोकडं वळली. टेम्पोवाल्याला म्हणाली, "दादा, ह्यांच्या दुकानात उतरवा." आता चष्म्याच्या दुकानात काउंटरमागं फ्रिज उभा आहे. नंबर तपासायला आलेलं गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, भिंतीवरची अक्षरं वाचतं आणि विचारतं, "थंडा कोणता हाय?"

*

शेवटी ठरलं, कार्ड परत करायचं. डॉक्टरांनी बंद केलं. मी बंद केलं. फ्रिज काही परत घेईनात. रफीकभाईंना बँकेतून सांगितलं, कार्ड कापून टाका, म्हणजे कुणी गैरवापर करणार नाही.

कापणं म्हणजे रफीकभाईंचा धंदा. वडिलांपासून चालत आलेली मोठी कात्री काढली, बिस्मिल्ला म्हटलं आणि दाबली. कार्ड धातूचं! कार्डावर ओरखडा नाही, कात्रीला मात्र दात पडले.

दुसऱ्या दिवशी ती कात्री चहाच्या टेबलावर ठेवून रफीकभाई म्हणाले, "फीस बच गई. कैंची शहीद हो गई."

*

राहिला दत्ता. हे कार्ड म्हणजे शुद्ध फसवणूक आहे असं सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा तोच. आणि एक दिवस कळलं, त्यानं फी भरली. पूर्ण. वर जीएसटी. आम्ही धारेवर धरलं. शेवटी दुसरा चहा मागवल्यावर बोलला.

दत्ताचे वडील, आबा, पंच्याऐंशीच्या पुढचे, गावी एकटेच राहतात. दत्ता बायकापोरांसह नांदेडला. आबांना शहर नको आणि दत्ताला दुकान सोडून जमत नाही. शेजारच्या गंगाबाई भाकरी-भाजी करून झाकून ठेवतात. पण मधे आबांचं जेवण तुटलं. ताट तसंच्या तसं राहायचं. गंगाबाईंचा फोन यायचा, "आबा वाळून चाललेत." दत्ता म्हणायचा, दातामुळं असंल. डॉक्टरांनी नवी कवळी करून दिली. कवळीही वाटीत पडून राहिली.

कार्डाच्या मदतीच्या लाइनला घरातल्या एका माणसाचा नंबर जोडता येत होता. दत्तानं आबांचा जोडला आणि कसा लावायचा ते दाखवलं. छातीत दुखलं, पडले-झडले तर कुणीतरी फोन उचलेल, एवढाच हिशोब. नंतर तो विसरूनही गेला.

पुढं दोन-तीन महिन्यांनी आबा जेवायला लागले. अंगावर मांस दिसायला लागलं. डॉक्टर कॉलर ताठ करून म्हणाले, "कवळीची फिटिंग बघा!" आम्हीही मान्य केलं.

मग फी द्यायच्या आठवड्यात बँकेच्या साहेबाचा दत्ताला फोन आला. "सर, तुम्ही कार्ड बंद करू नका. मदतीची लाइन आपल्या भागात सगळ्यात जास्त तुम्हीच वापरता. जवळजवळ रोज!"

दत्ता म्हणे, "म्या तर गोल्फसाठी एकदाच लावलता!" त्याला वाटलं, कुणीतरी त्याच्या नावावर फ्रॉड करून राहिलंय. मग आबांचा नंबर आठवला. आबांना कुणी गंडवलं का काय? दुकान नोकरावर टाकलं, मोटारसायकल काढली आणि भर दुपारी गाव गाठलं.

आबा ओसरीवर बाजेवर बसलेले. समोर ताट, ताट रिकामं. फोन स्पीकरवर. आबा लहानपणी, निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत शिकलेले. ती उर्दू दत्तानंसुद्धा कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

फोनमधून एक पोरगी विचारत होती, "बाबा, आज क्या खाया?"

"ज्वार की रोटी बेटी, अंबाडी की भाजी."

"पूरी रोटी खाई?"

"आधी छोड़ दी थी. फिर तुम पूछोगी करके वो भी खा ली."

"और दाँत लगाए थे?"

"लगाए थे, लगाए थे!"

दत्ता खांबाला धरून उभा. हळूच म्हणाला, "आबा, कोण हाय ही?"

आबा फोनवर हात ठेवून म्हणाले, "कार्डवाली पोरगी. नेहा नाव हाय तिचं. तिकडं दिल्लीच्या बाजूला असती. म्या आधी सोयाबीनचा भाव इचारायला लावलता. तिनं भाव सांगितला आन् इचारलं, 'बाबा, खाना खाया क्या?' आता खोटं कसं बोलावं परक्या लेकराशी?"

मग त्यांनी फोनवरचा हात काढला आणि आनंदानं म्हणाले, "बेटी, आज मेरा लड़का आया है. लो, बात करो."

दत्तानं फोन घेतला. म्हणाला, "हॅलो, मैं दत्ता पाटील."

पोरगी एकदम खुशीत म्हणाली, "अच्छा! आप वही हैं ना, जिनको टाइम नहीं मिलता?"