पाणपोईवरचे चौदा कप

वरच्या लेस्का गावात शाळा एक, मास्तर एक आणि मुलं चौदा. पण शाळा खरी चालायची ती स्तामेना मावशीच्या झाडूवर, हे कालिन मास्तरसुद्धा कबूल करायचे. बावन्न वर्षांची ही विधवा सकाळी शेगडी पेटवायची, घंटा वाजवायची, पोरांची नाकं पुसायची आणि पुसता पुसता दमही भरायची. पोटी मूल नव्हतं. म्हणूनच की काय, त्या चौदांवर तिनं असा हक्क सांगितला होता की त्यांच्या सख्ख्या आया तिच्यासमोर जपून बोलत.

सहा डिसेंबरला, संत निकोलाच्या सणाला, सगळं गाव दरवर्षीसारखं शेजारच्या खालच्या लेस्काला जेवायला गेलं. मासा झाला, वाईन झाली, नाच झाला. दोन्ही गावांची पोरं एका ताटात जेवली आणि एका पेल्यातून प्यायली. चौथ्या दिवशी बातमी आली की खालच्या शाळेत सहा मुलांना कावीळ झाली.

डॉक्टर बर्फातून जीप रेटत आले. "हा विषाणू हातातून तोंडात जातो," ते म्हणाले. "दिसायला पंचेचाळीस दिवसही लागतात. तोवर एक जरी पोर पिवळं पडलं, तर शाळेला कुलूप."

जीप गेल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "जिल्ह्याला निमित्तच हवंय, मावशी. चौदा पोरांसाठी शाळा कशाला, म्हणतातच ते. एकदा कुलूप लागलं की वसंतात आपली पोरं बसनं शहरात जातील. आणि ती काही परत यायची नाहीत."

"कुलूप लावायला येऊ दे कुणी," स्तामेना म्हणाली, "आधी त्याचेच हात धुऊन घेते."

दुसऱ्या दिवसापासून फाटकात गरम पाण्याचा हंडा आणि घरच्या साबणाची वडी आली. आधी डोळे दाखवायचे, मग हात धुवायचे. किती वेळ? तर साताचा पाढा पुरा होईतो. कुणी घाई करून "सात पंचे सत्तर" म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. आठवड्याभरात पहिलीची पोरंही साताचा पाढा घडाघडा म्हणायला लागली, आणि मास्तरांनी ते श्रेय बिनदिक्कत स्वतःकडे घेतलं.

पण अंगणात पाणपोई होती. गावातल्या त्सोना सुईणीनं नवऱ्याच्या, मिंचोच्या, आठवणीसाठी बांधलेली. दगडात साखळी ठोकलेली, साखळीला एक पत्र्याचा कप. जो पिईल त्यानं म्हणायचं, "देव मिंचोला क्षमा करो." मिंचोनं हयातभर दारूच ढोसली असल्यामुळं क्षमेची गरज मोठी होती आणि कप दिवसभर रिकामा राहत नसे. चौदा तोंडं आणि एक कप! स्तामेनानं दोन दिवस त्या कपाकडं पाहिलं. तिसऱ्या दिवशी लोखंड कापायची करवत आणली आणि साखळी कापली.

त्सोना आजीचं घर समोरच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, पण ओरडली ते तिसऱ्या आळीपर्यंत ऐकू गेलं.

"माझ्या माणसाच्या तोंडचं पाणी काढलंस गं! मेल्यालासुद्धा सोडलं नाहीस! अगं, तुला लेकरू नाही, तुला काय कळणार कुणाची तहान!"

ते वर्मी लागलं. एरवी एकाला चार ऐकवणारी स्तामेना करवत तिथंच टाकून वळली. घरात गेली आणि थोडं रडली. मग उठून पाणपोईच्या भिंतीत चौदा खिळे ठोकले.

प्रत्येक पोरानं घरून आपापला कप आणला. कुणाचा निळा, कुणाचा कान तुटलेला. आणि मावशीनं नियम घातला, "कप ज्याचा त्याचा, पण मिंचोआजोबांचं नाव घेतल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. मोठ्यानं! समोर ऐकू गेलं पाहिजे."

समोर ऐकू जात होतं. मधल्या सुट्टीत मिंचोला एकदम चौदा वेळा क्षमा मिळायची. त्सोना आजीच्या खिडकीचा पडदा हलायचा, पण दार काही उघडायचं नाही.

नाताळची सुट्टी लागली. पोरं घरी, मग मावशीच घरोघर. "जीभ दाखव. डोळे वर. हात धुतलेस?" लोक हसायचे. त्या चौदांतल्या इलिंकाचा बाप म्हणाला, "मावशी, माझ्या डुकराचेही डोळे बघून जा."

"त्याचे बघितले," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे ते."

सणापासून अडतिसाव्या दिवशी, शाळा पुन्हा भरली होती तेव्हा, फाटकात इलिंकानं हात पुढे केले. तळवे पिवळे. पुन्हा साबण लावला, तरी पिवळे. डॉक्टर तीन तासांवर आणि रस्ता बर्फात बुडालेला. तिनं पोरीला शालीत गुंडाळलं, सरळ रस्ता ओलांडला आणि ज्या दारात महिनाभर पाऊल टाकलं नव्हतं ते ठोठावलं.

"त्सोना आजी, मला हवं ते बोला, पण आधी हिला बघा. ही तुमच्याच हातची आहे."

आजीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरीला खिडकीच्या उजेडात ओढलं, बोटानं पापणी ताणली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"डोळे तर दह्यासारखे पांढरे आहेत. लघवी कशी होते गं? काळपट?"

"नाही, नेहमीसारखी," इलिंका लाजून म्हणाली.

"भूक?"

"लागते की. पण घरी रोज लाल भोपळाच असतो. भाजलेला भोपळा, भोपळ्याची पोळी, भोपळ्याचं सूप. बाबांकडं अजून कोठार भरून उरलेत."

म्हातारी खुर्चीत बसली आणि हसत सुटली. "अगं खुळे, ही कावीळ नाही, बापाचं पीक आहे! कावीळ आधी डोळ्यांत उतरते, भोपळा तळव्यांत." स्तामेनाही हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. आजीनं तिच्या हातात रुमाल कोंबला. "पूस," ती म्हणाली. एवढंच.

वीस जानेवारीला पंचेचाळीस दिवस भरले. वरच्या लेस्कात एकही डोळा पिवळा झाला नाही.

आणि एकवीस जानेवारी म्हणजे सुईणीचा दिवस. त्या दिवशी गाव बायकांचं असतं, आणि बायांनी पुरुषाच्या डोक्यावरची टोपी पळवली तर त्याला ती वाईन पाजून सोडवावी लागते. लाल मिरच्यांची आणि लसणाची माळ घालून त्सोना आजी गाढवाच्या गाडीत बसली, मागं गात, खिदळत तिच्या हातून बाळंत झालेल्या बाया. प्रत्येकीनं तिच्या हातांवर पाणी घालायचं, साबण आणि पंचा द्यायचा. स्तामेना या दिवशी कधी त्यांच्यात जात नसे. तिचं काय काम तिथं? यंदाही शाळेचं अंगण झाडत होती एवढंच.

गाडी पाणपोईपाशी थांबली. आजी उतरली. गळ्यातली माळ काढून तिनं ती स्तामेनाच्या गळ्यात घातली.

"आजी, हे काय भलतंच! मी कुठं सुईण?"

"गप बस. मी या पोरांना एकेका रात्रीत जगात आणलं. तू पंचेचाळीस दिवस कळा सोसल्यास. ए पोरांनो, आणा रे!"

पोरं वर्गातून धावत आली. आजीनं आदल्या दिवशीच त्यांना फितवलं होतं. प्रत्येकानं खिळ्यावरचा आपला कप काढला आणि मास्तरांच्या हातातल्या हंड्यातून गरम पाणी भरून घेतलं. इलिंकाच्या खांद्यावर कोरा पंचा होता. तिनं साबणाची वडी मावशीच्या हातात ठेवली आणि कमरेवर हात ठेवून दटावलं, "मावशी, पाढा! पुरा होईतो सोडणार नाही."

पाणी पडू लागलं, एकामागून एक कप. स्तामेनानं हात चोळत सुरुवात केली.

"सात एके सात. सात दुणे चौदा..."

आणि तिथंच थांबून ती कप धरलेल्या पोरांकडं एकेक करून बघू लागली.

"पुढं, मावशी, पुढं!" पोरं ओरडली.

"सात दुणे चौदा," ती म्हणाली. पोरांनी हसत हसत तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं, तरी ती त्याच्यापुढं गेली नाही.