दुसऱ्यांदा नाहीसं झालेलं बदक

दहिसरच्या चिकनच्या दुकानात वनमालाने अर्धं आयुष्य कोंबड्या कापल्या. नवरा गेला तशी तिने सुरी खाडीत फेकली आणि गोराईच्या प्रयोगशाळेत पक्षी सांभाळायला लागली. तिथे श्रुतिका मॅडमने पाळीव बदकांच्या बीजपेशींत जुनी जनुकं घालून, जगातून नाहीशी झालेली गुलाबी डोक्याची बदकं पुन्हा जन्माला घातली होती. एकच जोडी. वनमालाच्या हातचा मऊ भात खाऊन वाढलेली. नराचं डोकं गुलाबी व्हायला लागलं, तेव्हा पोटच्या मुलाचं सांगावं तशी ती शेजारणीला म्हणाली, "गो, माझो झील वयात इलो!"

मग शेजारच्या वाडीत बर्ड फ्लू आला. आसपासचा एकूणएक पक्षी मारायचा हुकूम निघाला. भर दुपारी पांढऱ्या सूटमधलं पथक आत घुसलं. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांच्या माना कडाकड मोडून पोती भरू लागली. एक अर्धमेली निसटली. पथकातल्या मिथुनने तिला बुटाखाली चिरडलं.

"ही जोडी सोडा!" श्रुतिका रडत म्हणाली. "हा रोग झेलायची ताकद यांच्यात दिसतेय. ती पोल्ट्रीच्या कोंबड्यांत उतरवली, तर अशी कत्तलच करावी लागणार नाही."

"उद्याचं उद्या, मॅडम. आज ऑर्डर आहे." मिथुनने मादीचा पंख धरून हिसडा दिला. हाड मोडल्याचा आवाज आला.

वनमालाने लोखंडी बादली त्याच्या थोबाडावर हाणली. मास्क रक्ताने भिजला.

"हात लावशीत तर डोळे फोडीन!"

"येडी झालीस का मावशी? मला मारून काय होणार? दुसरा येईल, तो मारेल!"

खरंच होतं ते. श्रुतिका पुटपुटली, "मेल्याबरोबर बीजाच्या गाठी काढून गोठवल्या, तर पुन्हा जन्माला घालता येतील. पण अंग गरम असतानाच..." तिने ब्लेड उचललं, पण बदकांकडे वळेना.

वनमालाने ते काढून घेतलं. "पोत्यात घालून नाय मारूचे. मीच मारतंय."

"ग्लोव्ज तरी घाल, मरशील!" नाक दाबून मिथुन ओरडला आणि स्वतःकडचे जादा ग्लोव्ज तिच्याकडे फेकले.

नर सवयीने तिच्या मांडीवर चढून भात शोधू लागला. तिने त्याचे डोळे झाकले आणि मान पिळली. पंख तिच्या गालांवर आपटत राहिले, मग थांबले. तिने पोट चिरलं, श्रुतिकाने दाखवल्या त्या गाठी कुपीत टाकल्या. मादी मोडक्या पंखाने झटापट करत तिला टोचत राहिली. वनमालाने चेहरा बाजूला घेतला नाही. मग तिचीही मान पिळली, तिच्याही गाठी कुपीत गेल्या.

मिथुनने पोतं उघडून धरलं. तिने दोघांना आत ठेवलं, फेकलं नाही.

"परत जन्माक घालशीत तेव्हा माका बोलव," ती श्रुतिकाला म्हणाली. "त्याका दाणे नाय चलत. मऊ भातच लागता."