जाऊबाईंच्या छातीचा एक्स-रे

एक्स-रे काढणं माझं काम, त्यात काय दिसतं ते सांगणं माझं नाही. तो अधिकार डॉक्टरांचा, कायदाच तसा आहे. हे मी पेशंटना इतक्या वेळा ऐकवलंय की आता माझं मलाच ऐकवत नाही. तरी लोक सोडत नाहीत. कपडे सावरत बाहेर येतात आणि पहिला प्रश्न तोच, "दीदी, कुछ निकला क्या?" मी भिंतीकडे बघत सांगते, रिपोर्ट में आएगा.

माझ्या आधी आमच्या सेंटरमध्ये एक टेक्निशियन होता. भला माणूस, म्हणूनच फसला. मझौली गावाहून आलेल्या एकाला त्याने सांगून टाकलं की फुप्फुसात गाठ आहे, कॅन्सर वाटतो. होता जुन्या टीबीचा व्रण. पण रिपोर्ट येईपर्यंत गावभर बोभाटा झाला आणि त्या माणसाच्या लेकीची ठरलेली सोयरीक मोडली. टेक्निशियनची नोकरी गेली, सोयरीक काही पुन्हा जुळली नाही. त्यामुळे या नियमाला मी कधी नावं ठेवली नाहीत.

चेरीताल मोहल्ल्यात आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो. थोरल्या जाऊबाईंचा खोकला जाता जात नव्हता. धुळीने होतंय म्हणत त्या टाळत राहिल्या, शेवटी मीच त्यांना दटावून सेंटरवर नेलं. मशीनसमोर उभं केलं, श्वास रोखायला सांगितला, बटण दाबलं. फोटो स्क्रीनवर आला. उजवीकडे वरच्या अंगाला पांढरा गोळा होता. तो कशाचा हे डॉक्टरांनी ठरवायचं हे मला मान्य आहे, पण मी आंधळी नाही. डॉक्टर त्या दिवशी कटनीला गेले होते. त्यांना लगेच फोन केला. उद्या आल्याबरोबर हाच पाहतो, म्हणाले.

"काय दिसून राहिलं गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"डॉक्टर उद्या सांगतील, ताई."

"अच्छा," म्हणून त्या चपला घालू लागल्या.

परकी बाई असती तर माझ्या गप्प राहण्याने धास्तावली असती. आमच्या घरी उलटंच झालं. मशीनवर घरचंच माणूस, काही असतं तर बोललीच असती, असं सगळ्यांनी धरलं. संध्याकाळी जाऊबाईंनी नागपूरला लेकीला फोन लावला. "काही नाही निघालं. तुझी काकूच होती ना तिथं, असतं तं गप्प बसली असती काहून?"

"ताई, आधी रिपोर्ट तर येऊ द्या," मी म्हटलं.

त्या हसल्या. "घरात बी ड्युटीच करून राहिली तू." मग खुशीत येऊन वांग्याची भाजी केली आणि मला तव्यावरची गरम भाकर वाढली. मी जेवले. नको म्हटलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. गाठ आहे, लक्षणं चांगली नाहीत, तुकडा काढून तपासावा लागेल. जाऊबाईंनी त्यांना एक शब्द विचारला नाही. बाहेर आल्यावर मात्र माझ्याकडे वळल्या.

"तू कालच पाह्यलं होतं ना?"

"हो."

"अन् मी लेकीला तसं सांगून राहिली होती, तवा तू बाजूलाच होती."

मी कायदा सांगितला, मझौलीचा माणूस सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते सेंटरवरचं झालं. घरी तं तू माझी जाऊ होती." मला राग आला, त्यांचाही आणि माझाही.

तपासणीत कॅन्सरच निघाला. आता उपचार चालू आहेत, केस गेलेत, आवाज बसलाय. अधूनमधून फोटो काढावा लागतो, तेव्हा त्या आमचं सेंटर ओलांडून पुढच्या दुसऱ्या सेंटरवर जातात. परवा न राहवून मी विचारलं, "ताई, इतक्या लांब कशाला? माझ्याकडे चला ना."

"नको," त्या म्हणाल्या. "तिथली पोरगी गप्प राह्यली की मी घाबरते. तू गप्प राह्यली तं मी निश्चिंत झाली होती."