जबाब वाचून दाखविला

ती घटना आजवर मी कुणाला सांगितली नाही, घरीसुद्धा नाही. नोकरी संपली, आता सांगतो.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी निनावी फोन आला. भवानीनगरकडच्या एका दवाखान्यात शुगरच्या नव्या इंजेक्शनचा अडाणी माणसांवर प्रयोग चाललाय, अंगठे घेतलेत. 'प्रयोग' शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात गुन्हा तयारच झाला. डॉक्टरांना बोलावून दिवसभर बाकावर बसवलं. चौकशी होईपर्यंत इंजेक्शनं बंद ठेवा, असं तोंडी बजावलं. लेखी द्यायचा अधिकार मला नव्हता, हे मला ठाऊक होतं.

मग इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी एका शेतकऱ्याला आणलं. वय साठीपुढं. मेंढरं विकून ऊस लावलेलं घर. गाव त्यांना आबा म्हणायचं.

"आबा, कुणी फसवलं तुम्हाला?"

"कुणी न्हाय."

"घाबरू नका, सांगा."

"दवाखान्यात न्हाय भ्यालो. हितं आल्यावर जरा भ्या वाटतंय."

दोघं शिपाई हसले. मला राग आला. रायटर हवालदारानं नेहमीच्या साच्यात जबाब उतरवला: 'मी अशिक्षित असून मला काहीएक कल्पना न देता इंजेक्शन दिले.' खाली ठरलेली ओळ: 'जबाब वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' वाचून कुणी दाखवला नाही. शाईचा पॅड पुढं सरकवला, आबांनी अंगठा दिला.

महिनाभरानं दवाखान्याची, औषधाच्या चाचणीला मिळालेल्या परवानगीची कागदपत्रं आली, सोबत संमती घेतानाचं चित्रीकरण. त्यात आबा होते, शेजारी साक्षीदार म्हणून गावचे निवृत्त मास्तर. डॉक्टर एकेक ओळ वाचत होते, आबा मधेच अडवत होते.

"ह्यात नुसतं पाणी बी असंल म्हणता?"

"असू शकतं, आबा. कुणाला काय मिळालं ते मलाही कळत नाही."

"म्हंजी दोगं बी आंधळं. बरंय. आन् मधीच सोडावं वाटलं तर?"

"कधीही सोडा. कारणसुद्धा सांगू नका."

केस तिथंच संपली. मी जबाब घेऊन आबांच्या घरी गेलो आणि पहिल्यांदा तो त्यांना वाचून दाखवला.

"हे मी कवा म्हणलो?" आबा म्हणाले. "सायेब, मेंढराला टोचताना मेंढराला कोण इचारतं? मला इचारलं त्यांनी. दोन येळा वाचलं, वर मलाच म्हणले, काय कळलं ते सांगा. तुमी एकदाबी न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या लेकीला बी शुगर हाय. तिच्यासाठी गेलतो. आता परत घेत्याल न्हवं मला?"

त्याच सकाळी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं: बंद ठेवलेल्या महिन्यात डोस चुकले, नियमानं आबांना चाचणीतून काढावं लागलं.

"बघतो," मी म्हणालो.

'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही' असा शेरा मारून चौकशी निकाली काढली. पुरवणी जबाब घ्यायला हवा होता. घेतला असता तर माझी चूक कागदावर आली असती, म्हणून घेतला नाही. आबांनी न बोललेली वाक्यं त्यांच्या अंगठ्यासकट फाईलमध्ये गेली.

ज्या गुन्ह्याच्या शोधात मी निघालो होतो, तो माझ्याच टेबलावर घडला होता. पुढं बारामतीला बदली झाल्यावर प्रत्येक जबाब मी स्वतः वाचून दाखवायचो. लोक म्हणायचे, साहेब फार शिस्तीचे. मी त्यांना तसं म्हणू दिलं.

आबांकडं परत गेलो नाही. डॉक्टर एकदा भेटले तेव्हा कळलं, आबा दोनदा दवाखान्यात येऊन बसले होते. म्हणत होते, सायेब बघतो म्हणलेत.