आत्मारामच्या तारणाची काळजी

भुईगावचा आलोशियस जन्माचा संशयी. नारळ घेताना तो कानाशी धरून हलवून बघायचा, मासळीवालीने कल्ले उघडून दाखवले तरी स्वतः बोट घालायचा. जमिनीचे दलाल त्याच्या वाडीच्या फाटकाच्या आत कधी आलेच नाहीत. साऱ्या गावात त्याचा विश्वास फक्त एकावर, शेजारच्या आत्मारामवर. दोघांची विहीर एक होती. आलोशियसची बायको शेवटच्या आजारात इस्पितळात पडून होती, तेव्हा त्याच्या केळीला पाणी आत्मारामनेच दिलं होतं.

त्या आत्मारामला यकृताचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं.

त्याच सुमारास सून ॲनिशा आलोशियसला उमेळ्याच्या एका प्रार्थनासभेला घेऊन गेली. इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेले स्पीकर. प्रवचन करणारा गरजला, "शेजारी सज्जन आहे म्हणता? नुसत्या सज्जनपणाने कोणी तरत नाही! येशूला न स्वीकारता जो मेला, तो गेला!"

हा माणूस पक्का विक्रेता आहे, हे आलोशियसने त्याच्या चकचकीत बुटांवरूनच ओळखलं. पण त्याचं बोलणं मात्र मनातून जाईना, कारण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात म्हातारे फादर हेच सांगायचे.

तो चर्चमध्ये जाऊन हल्लीच्या फादरना भेटला. फादर वयाने तरुण. ते म्हणाले, "जो मनापासून सत्याने वागला, त्याच्यापर्यंत पोचायच्या देवाला पुष्कळ वाटा आहेत. तुम्ही प्रार्थना करा, बाकीचं त्याच्यावर सोडा."

"मग तेव्हाचे फादर खोटं बोलत होते, की तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय?"

फादर हसले. आलोशियसला ते हसणं आवडलं नाही. इतकं गोड उत्तर त्याला खरं वाटेना.

मरणाच्या दारात असलेल्याला कोणीही कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, ख्रिस्ती करून घेऊ शकतं, एवढं त्याला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी तो सदऱ्याच्या खिशात पाण्याची लहान बाटली घालून आत्मारामकडे गेला.

"वहिनी, जरा चहा टाकता?"

आत्मारामची बायको, वसुंधरावहिनी, चमकल्या. उभ्या जन्मात या माणसाने तोंडाने चहा मागितला नव्हता. त्या स्वयंपाकघरात गेल्या, पातेलं वाजवलं आणि मागच्या पावली परत आल्या. आलोशियस झोपलेल्या आत्मारामवर वाकला होता. हातात बाटली होती, झाकण उघडलेलं.

"भाऊ, काय चाललंय?"

 त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे गणपतीला माझ्या घरी मोदक खाताना तुमच्या मनात हेच होतं?" वहिनींचा आवाज चढला. "की ही माणसं नरकात जायची आहेत?"

"तेव्हा असा विचारच केला नव्हता, वहिनी. आता हा चाललाय म्हणून..."

गलक्याने आत्मारामला जाग आली. त्याने ऐकून घेतलं. 

"आलूस, विचारायचं तरी मला."

"आता विचारतो. बाप्तिस्मा घेशील?"

"घेतला तर मी तुझ्या स्वर्गात येणार. आणि ही?"

आलोशियसने वहिनींकडे बघितलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याने बाटलीचं झाकण लावलं.

"मग राहू दे," आत्माराम म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

त्यानंतरही आलोशियस रोज जायचा. वहिनींनी त्याला अडवलं नाही, पण तो असेपर्यंत त्या खोलीतून हलत नसत. लसूण सोलायचा तर तिथेच बसून सोलायच्या, नजर त्याच्या हातांवर. तोही खिसे रिकामे ठेवून जायचा. गणपती झाल्यावर आत्माराम गेला. आलोशियसने खांदा दिला आणि घरी येऊन दार लावून रडला. आपण त्याच्यासाठी काहीच केलं नाही, की करायला गेलो हेच चुकलं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांची नावं वाचून त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होतात. आत्मारामचं नाव द्यावं असं त्याच्या मनात आलं. पण या वेळी तो आधी वहिनींकडे गेला.

"नाव घेतलं की ते तुमच्या धर्मात जातात का?" वहिनींनी विचारलं.

"फादर म्हणतात, नाही. नुसती प्रार्थना."

"आणि तुमचं काय म्हणणं?"

"मला कळत नाही, वहिनी. फादरांवरही माझा पुरता भरवसा नाही."

 वहिनी म्हणाल्या, "मी येते. काय बोलतात ते माझ्या कानांनी ऐकते."

त्या आल्या. फिकट नऊवारी नेसून शेवटच्या बाकावर ताठ बसल्या. आत्मारामचं नाव आलं तशा मान पुढे काढून त्यांनी एकेक शब्द ऐकला. शेजारी आलोशियसही गुडघे टेकायचे विसरून कान देऊन ऐकत होता.

बाहेर पडल्यावर त्याने विचारलं, "काय वाटलं?"

"वावगं तर काही बोलले नाहीत," वहिनी चपला घालत म्हणाल्या. "पुढल्या वर्षी परत येऊन बघीन."